फिल्टरचं कापड

पुंजारामने सायकल आडवी टाकली, पिंपातून बादली भरली आणि झोळीत निजलेल्या नातीवर ओतली.

पोर किंचाळली. झेंडूच्या ढिगाशी बसलेली नवसाबाई धावत आली.

"डोकं फिरलं का तुमचं? आत्ता कुठं डोळा लागला व्हता सायलीचा."

पोरीला उचलून त्याने बायकोच्या हातात दिलं आणि झोळी सोडवू लागला. गाठ सुटेना, तसं त्याने कापड हिसकून काढलं.

"झोळी म्या बांधली, भाऊजी," लताबाई म्हणाली. शेजारची लताबाई रोज दुपारी माळा ओवायला यायची. "कापड बरं दिसलं. जाड, मऊ. चुकलं का काय?"

"ते फुलांवर टाकायचं कापड हाय," तो म्हणाला. "सुकवायचं नसतं."

"फुलांची एवढी काळजी, अन् पोरीची नाय," नवसाबाई म्हणाली.

कापड अंबडच्या कंपनीतलं होतं. औषधाचा माल तयार करताना त्यात निकेलची काळी पूड घालत आणि मग या कापडातून गाळून ती वेगळी काढत. पूड ओली असेपर्यंत काही करत नाही. कोरडी पडली की काडी न लावता पेटते. नव्या कामगारांना पुंजारामच हे शिकवायचा. घरी मात्र त्याने कधी सांगितलं नाही. नवसाबाईने त्याला तिथे एक दिवस राहू दिलं नसतं. बाद झालेलं कापड तो तीन पाण्यांतून काढून आणी. काल पाळी सुटायच्या घाईत एकाच पाण्यातून काढलं होतं. आज दुपारी गाळणीला नवं कापड लावताना ते त्याला आठवलं.

लताबाईचा नवरा झिपरू त्याच्याच पाळीत होता. चार वर्षांपूर्वी, वापरलेल्या पुडीचा ड्रम उघडताना तो जळून मेला. ड्रममध्ये पाणी आहे की नाही, हे बघायचं काम पुंजारामचं होतं. चौकशीत त्याने सांगितलं, झिपरू बिडी पेटवत होता. तेव्हापासून लताबाई दारात कुणाला बिडी ओढू देत नसे.

पुंजारामने कापड पिंपात बुडवलं, वर दगड ठेवला.

झोळी फांदीला बांधायला लताबाईने कापडाची एक पट्टी फाडली होती. ती फांदीवरच राहिली होती, उन्हात. आधी तिच्यावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटले. ते सरकत एकमेकांत मिसळले. मग पट्टी भडकली आणि जळत खाली पडली.

लताबाई ती राख होईपर्यंत बघत राहिली. मांडीवरची अर्धी माळ तिने हळूच बाजूला ठेवली.

"इथं तर कुणी बिडी ओढत नव्हतं, भाऊजी."

नवसाबाई नवऱ्याकडे बघत होती. सायलीला छातीशी धरून ती लताबाईच्या बाजूला सरकली.

पुंजारामने पुन्हा बादली भरली. विझवायचं काही उरलं नव्हतं, तरी ती हातात धरून तो तसाच उभा राहिला.