कोपऱ्यावरचा खोडरबर

"इफ वुई आर बॅड, सर, यू विल स्टे?" अर्सलानने विचारलं आणि सहावीचा सगळा वर्ग हसला.

चूक मृणालिनी मॅडमची होती. शेजारच्या वर्गाला गणित शिकवणाऱ्या मॅडम माझ्या पाठाचं फोनवर चित्रण करायला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मुलांना सांगून टाकलं, की हा व्हिडिओ पोर्तुगालमधल्या शाळेला जाणार, त्यांना आवडला तर सर तिकडे जाणार. तेव्हा शहाण्यासारखं वागा.

"कशाला सांगितलंत, मॅडम?" मी हळूच म्हणालो.

"मग काय, खोटं सांगू? तीन वर्षं युरोप युरोप करतोयस. यल्ला, सुजीत, सुरू कर. आणि जरा मोठ्याने बोल, माइक तुझ्याइतकाच लाजरा आहे."

आखातातल्या फुजैरा शहरातल्या त्या वर्गाचं एकच वैभव होतं. खिडकीतून समुद्र दिसे, आणि समुद्रावर इंधनासाठी थांबलेली जहाजं. मी पाठही तोच निवडला होता : पृथ्वी गोल आहे हे दूर जाणाऱ्या जहाजावरून कसं कळतं.

तिसऱ्या रांगेत सान्वी बसे. सप्टेंबरमध्ये मी तिला पहिला प्रश्न विचारला, तेव्हा ती उभी राहिली आणि आवाज न करता रडू लागली. मधल्या सुट्टीत आमचा करार झाला. बोलायचं नसेल त्या दिवशी तिने खोडरबर बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचा. मी विचारणार नाही. तिच्या वयाचा असताना मला असा करार कुणी देऊ केला नव्हता. मे उजाडला, तरी तो निळा खोडरबर कोपऱ्यावरून हलला नव्हता.

जहाज लांब जाताना आधी काय दिसेनासं होतं, असं मी विचारलं. मुलं फोनकडे पाहत गप्प राहिली. अर्सलानसुद्धा.

तेव्हा मला दिसलं, तिसऱ्या रांगेतला तो कोपरा रिकामा होता. खोडरबर सान्वीच्या मुठीत होता.

मी तिचं नाव घेतलं. ती उभी राहिली. मी थांबलो. किती, ते नंतर व्हिडिओत मोजलं : एकोणीस सेकंद.

"द बॉटम, सर," ती म्हणाली. "द मास्ट इज लास्ट. पप्पाज शिप गोज लाइक दॅट. आय सी फ्रॉम अवर बाल्कनी."

"अँड देन?"

"देन आय गो इन, सर."

पोर्टोच्या त्या शाळेतून होकार आला. तिथल्या मुख्याध्यापिकेने लिहिलं होतं, शिकवतात पुष्कळजण. तुम्ही त्या मुलीसाठी थांबलात.

"म्हणजे तुला सान्वीने पाठवलं," मॅडम म्हणाल्या. "पेढे आधी तिला."

आज पोर्टोतल्या वर्गात शिरलो, की मी अजूनही आधी बाकांचे कोपरे पाहतो.

फुजैरातल्या शेवटच्या दिवशी मुलांनी मला गराडा घातला. "खलास, सर? नॉट कमिंग बॅक?" अर्सलानने विचारलं. मी "इन्शाल्ला" म्हणालो. तोंडावर 'नाही' म्हणवत नाही तेव्हा तिथे सगळे म्हणतात तसं.

सान्वी जागेवरून उठली नाही. तिला विचारायला मी एकच प्रश्न जपून ठेवला होता : मी जाणार हे ठाऊक असताना, त्या दिवशी खोडरबर का उचललास? मी तिसऱ्या रांगेपाशी गेलो.

निळा खोडरबर बाकाच्या कोपऱ्यावर होता. अगदी कडेला.

करार मीच केलेला होता. मी काही विचारलं नाही. तिच्या बाकाशेजारी उभा राहिलो, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेरची जहाजं पाहत राहिलो.