या घरात राहणारी बाई

"या घरात माणसं किती?" इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने कुंपणापलीकडे पाहत विचारलं.

"दोन," शेजारची प्रनोम म्हणाली. निळीच्या पिंपातून काढलेलं कापड ती पिळत होती. कोपरापर्यंत हात निळे झाले होते. "लामदुअन आणि तिची मुलगी."

"आणि फिलिपिन्सची बाई? शाळेत शिकवते ती?"

"परदेशी बाई? इथे? गल्ली चुकलात साहेब."

एडिथा दोघांपासून चार हातांवर उभी होती. तिला वाटलं, प्रनोम थट्टा करतेय.

"अहो प्रनोमताई, मी. एडिथा."

"बघा, म्हाताऱ्या माणसाची कशी मस्करी करते," प्रनोम अधिकाऱ्याला म्हणाली. "पुई आहे ही. लहानपणी या चिंचेवरून पडली होती. हनुवटीखाली खूण आहे, बघा ना."

अधिकाऱ्याने पाहिलं. खूण होती. सातव्या वर्षी वडिलांच्या होडीचा काठ लागून झालेली, समुद्रापलीकडच्या गावात. प्रनोमला ते कधी सांगितल्याचं एडिथाला आठवत नव्हतं.

एडिथा बकानी फ्रे गावात इंग्रजी शिकवायला आली, तेव्हा चौतीस वर्षांची होती. आता सेहेचाळीस. दर नव्वद दिवसांनी जाऊन आपण इथेच राहतो असं लिहून द्यायचं, दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीने परवाना वाढवायचा, यात तिने कधी एक दिवस चुकवला नव्हता. पण शाळेत मुलं कमी होत चालली होती. शाळा बंद पडली की परवाना संपणार, आणि मग सामान बांधायलाही पुरता वेळ मिळणार नव्हता. म्हणून तिने कायमच्या वास्तव्याचा अर्ज केला होता. कागद पुरे होते, थाई भाषेतली मुलाखतही झाली होती. राहिली होती ती एवढीच, घराची चौकशी.

अधिकारी ओट्यावर आला. लामदुअन मिरच्या भाजत बसली होती.

"आजी, ही कोण?"

"माझी पुई," ती मान वर न करता म्हणाली. "दुसरी कोण असणार?"

अधिकाऱ्याने फाइल मिटली. माणूस वाईट नव्हता. "बाई, परदेशी व्यक्ती इथे राहते का, हे बघायला आलो होतो. दोघीही नाही म्हणतात. मी काय लिहू? सोमवारी घरमालकिणीला घेऊन या. तिच्या तोंडून आलं पाहिजे."

लामदुअनची मुलगी पुई सतरा वर्षांपूर्वी योम नदीच्या पुरात वाहून गेली. सापडली नाही. एडिथाला हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. एडिथा राहायची ती वरची खोली पुईचीच. लामदुअनने पुईचे कपडे दिले, ते एडिथाला बरोबर बसले. लामदुअनने तिचे केस कापले, तेही पुईसारखेच. तिसऱ्या वर्षी एडिथा तिला आई म्हणू लागली. पुई अशी हाक कधीपासून येऊ लागली, ते मात्र तिला सांगता आलं नसतं. म्हाताऱ्या बाईचं मन राखायला काय जातं, असं तिला वाटायचं.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आई, सोमवारी तुम्ही खरं सांगायचं. नाहीतर मला जावं लागेल."

लामदुअनने चिकट भाताचा गोळा ठेच्यात बुडवला, खाल्ला, हात धुतला आणि घरात राहणाऱ्यांची नावं असलेली सरकारी निळी पुस्तिका आणून समोर ठेवली. तीन नावं. नवऱ्याच्या नावावर मृत असा शिक्का. बाकी दोन नावांवर, पुईच्याही, शिक्का नव्हता.

"कागदच हवाय ना तुला? हा घे. पुईचं ओळखपत्र हरवलं म्हणून सांगू, नवं काढू. साक्षीला प्रनोम येईल. मग कसले नव्वद दिवस नि कसलं काय."

"फोटो बघतील ना, आई."

"बघू देत की." तिने डब्यातून फोटो काढून दिला.

एडिथाने तो दिव्याखाली धरला. लांबोडा चेहरा, बारीक डोळे, पुढे आलेले दात. तिच्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तरीही अख्खी गल्ली हीच पुई म्हणून शपथ घेईल, हे लक्षात आलं तेव्हा तिने फोटो पालथा ठेवला.

शनिवारी भावाचा फोन आला. थोडं बोलून तो थांबला. "ताई, तू मघापासून थाईत बोलतेयस. मला काही कळत नाहीये." ती आपल्या भाषेत बोलायला गेली, तर चुलीला काय म्हणतात तेच आठवेना.

रविवारी दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. लामदुअनने स्वयंपाकघरातून हाक मारली, "पुई."

"आले, आई."

उत्तर दिलं गेलं होतं. पण एडिथाच्या तोंडात तर कपड्यांचे चिमटे होते. ती वरच्या खिडकीकडे न बघता तशीच उभी राहिली. आत लामदुअन कुणाशी तरी हळू बोलत राहिली, रोज बोलायची तशीच.

सोमवारी दोघी कार्यालयात गेल्या. वाटेत एडिथा एकच बोलली. "मला पुई होता येईल, आई. पण मग एडिथा कुठे गेली, हे विचारायलाही कुणी उरणार नाही."

कार्यालयात अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, "आजी, ही कोण?"

लामदुअनने पिशवीतून घराची पुस्तिका काढून टेबलावर ठेवली.

"समुद्रापलीकडची आहे," ती शेवटी म्हणाली. "शिकवते. माझ्याकडे वर भाड्याने राहते, बारा वर्षं झाली. चांगली बाई आहे."

"नाव?"

लामदुअन तिच्याकडे वळली. "तुमचं नाव काय हो, बाई?"

एडिथाने सांगितलं. म्हातारीने ते एकेक अक्षर सुटं करून दोनदा म्हटलं. मग अधिकाऱ्याने पुस्तिकेतल्या तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "आणि ही?"

"ती घरीच असते," लामदुअन म्हणाली. "तिला राहू द्या."

अर्ज पुढच्या वर्षी मंजूर झाला. पुस्तिकेत चौथं नाव चढलं, ते आजही आहे. पण एडिथा बोलते ती त्या सोमवारी घरी परतल्याबद्दल.

प्रनोम कापडं वाळत घालत होती. तिने मान वर केली, एडिथाला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं.

"लामदुअन, पाहुणी कोण आणलीस गं?"

"शाळेतल्या बाई आहेत."

प्रनोमने निळे हात जोडून ओळख नसलेल्या माणसाला करतात तसा नमस्कार केला. लामदुअन पायरी चढून दारात बाजूला उभी राहिली.

"या बाई," ती म्हणाली. "आत या."

एडिथाने चपला काढल्या. घरातल्यांच्या चपलांजवळ न ठेवता तिने त्या खालच्या पायरीवर ठेवल्या, आणि आत गेली.