हितेंद्रभाऊंचा आतला माणूस

धुळ्याच्या देवपुरात राहणारे हितेंद्रभाऊ एका कचेरीत दाखले देण्याच्या खिडकीत बसत. आपल्या खिडकीपुढे लांबलचक रांग दिसली की त्यांना बरं वाटे. पण स्वतः कुठे रांगेत उभं राहायची वेळ आली की अपमान वाटे. गॅसचा सिलिंडर असो की पोटदुखीचा डॉक्टर, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आत आपलं कोण आहे?" आणि खरं सांगा मंडळी, हा प्रश्न आपल्यापैकी कोण विचारत नाही?

त्यांच्या घरात एक जुना तारेचा फोन होता. कर्ज घ्या म्हणणारे आणि चुकून लागलेले, एवढेच काय ते त्यावर बोलत. एक दिवस चारुलतावहिनी म्हणाल्या, "अहो, काढून टाका ना हा फोन. नेट तेवढं राहू द्या. पण आधी त्यांच्या ऑफिसात जाऊन नीट विचारा. सोमवारी आपल्या भूमिकाची नोकरीची मुलाखत आहे आणि ती नेटवरच आहे."

"विचारायचं कशाला? आपला समाधान आहे ना आत!"

समाधान म्हणजे भाऊंच्या शालकाचा मित्र. तो फोन कंपनीत आहे एवढंच भाऊंना ठाऊक होतं. तिथे नेमकं काय करतो, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. मात्र आतल्या माणसाकडे काम काढायचं तर रिकाम्या हाताने कसं? थंडीचे दिवस होते. रविवारी शालकाच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली. जळगावहून मुद्दाम हिरवी वांगी आणली, कपाशीच्या काड्यांवर भाजली, ठेचली. समाधानने भरीत इतक्यांदा वाढून घेतलं की वहिनींना पुऱ्या पुन्हा लाटाव्या लागल्या.

"फोन काढायचा, नेट ठेवायचं," भाऊंनी बजावलं.

"कळलं, कळलं! भाऊ, उद्या सकाळीच काम!" समाधान ढेकर देत म्हणाला.

समाधान कंपनीच्या गाड्यांचं डिझेल बघत असे. त्याने एकाला सांगितलं, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. आपल्या माणसाचं अर्जंट काम आहे, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. नेट ठेवायचं आहे, हे मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडलं. सोमवारी कंपनीची कचेरी उघडताच भाऊंची तार कापली गेली. इतक्या तडफेने त्या कंपनीत आजवर कुणाचं काम झालं नसेल!

"बाबा, नेट गेलं!" भूमिका किंचाळली. मुलाखत अकराला होती आणि त्यासाठी भाऊही रजा काढून घरी थांबले होते. घरात मोबाइलला रेंज मिळे ती फक्त मोरीच्या खिडकीत. नवी कुर्ती घातलेली पोर हातात फोन धरून मोरीत उभी राहिली, पण पडद्यावरचं चाक नुसतं फिरत राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊंनी समाधानला फोन लावला.

"झालं ना काम, भाऊ? बघा, सांगितलं होतं की नाही!"

"अरे, नेटही गेलं त्याच्याबरोबर!"

"हां... ते आता माझ्या हातात नाही. मी डिझेल बघतो."

आरडाओरडा ऐकून शेजारचे देवचंदनाना धावत आले. नाना दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून अस्सल अहिराणी.

"काय व्हयनं रे भाऊ?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भूमिकाला आपल्या घरी नेलं. मुलाखत त्यांच्या बैठकीत सुरू झाली. शिट्टी नको म्हणून नानांनी गॅसवरचा कुकरसुद्धा उतरवून ठेवला. भाऊ बाहेर ओट्यावर मान खाली घालून बसले.

"नाना, तुमचाही फोन गेल्या महिन्यात काढला ना? मग नेट कसं राहिलं? आत कोण होतं तुमचं?"

"कोणीच नव्हतं. खिडकीवर गऊ आनि इचारं. ती पोर बोलनी, नाना, तुमनं नेट फोनना तारवरच शे. पहिले नवी तार टाकी ल्या, मंग फोनना अर्ज द्या. बस!"

"पण रांग?"

"व्हती ना. पाय दुखनात, इज्जत नही गयी!" नाना हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, तू मधमा घुसस तवय मांगे कोण ऱ्हास, हाई कधी देखं का? ज्यानी वळख नही, तो!"

भाऊ उठले आणि तडक फोन कंपनीच्या ऑफिसात गेले. रांग बरीच होती. भाऊ शेवटी जाऊन उभे राहतात तोच समाधानने कोपऱ्यातून हात केला, "भाऊ, इकडून या, मागच्या दाराने!"

भाऊंचं पाऊल सवयीने उचललं गेलं! पुढे कापडी पिशवी घेतलेली एक म्हातारी होती, रुक्माबाई. तिने वळून पाहिलं आणि ओळखलं.

"जा ना साहेब, तुम्ही जा. आम्हाला सवय आहे. तुमच्या दाखल्याच्या खिडकीवर पण अशीच उभी राहते मी. आतल्या लोकांचं झालं की तुम्ही खिडकी लावून घेता."

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच भाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी समाधानला हातानेच नको म्हटलं.

"मावशी, चुकलंच माझं! उद्या या. तुमचा दाखला सगळ्यांत आधी देतो."

"आधी नको, साहेब," रुक्माबाई म्हणाली. "नंबराने द्या. पण द्या!"

भाऊंच्या घरी नेट आठवड्याने आलं, त्यांचा नंबर लागला तेव्हा. भूमिकाला दुसऱ्या फेरीचं बोलावणं त्याआधीच येऊन गेलं होतं. रुक्माबाईला दाखला दुसऱ्याच दिवशी मिळाला, तिच्या नंबराने. त्या दिवशी भाऊंचे एक ओळखीचे गृहस्थ मागच्या दाराने आले होते. भाऊंनी सांगितल्यावर ते रांगेच्या शेवटी उभे राहिले आणि घरी जाईपर्यंत फुगून होते.

मंडळी, मधे घुसणारा आपला वेळ वाचवत नाही, तो मागच्याचा वेळ चोरतो. सभ्य घरांतून रोज होणारी ही चोरी आता आपणच बंद करायला हवी!