दोन हात अंतर

"माझ्या मानेला काही स्प्रिंग बसवलेली नाहीये," धाकटी स्टिअरिंगवर वाकून स्वतःशीच पुटपुटली. "डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आरशात बघ, खांद्यावरून बघ. मग गाडी चालवायची कधी?"

गाडी एवढीशी, आणि शेजारच्या सीटवर ताई. ऐकू न येऊन जाईल कुठे? पण ताईने काचेबाहेर बघत ऐकलंच नाही असं दाखवलं. गेली तीन वर्षं या दोघी बहिणींचं असंच चाललं होतं. ऐकलेलं ऐकलं नाही म्हणायचं, आणि बोलायचं ते गिळून टाकायचं.

ताईचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि ही गाडी. गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा ताईच्या. ताईचा पाय तिथून कधी हलायचा नाही, म्हणून शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायची हिंमत लायसन हातात पडल्यावरच व्हायची.

आज धाकटीचा शेवटचा धडा. उद्या परीक्षा. परीक्षा उरकली की सोमवारी ती दोन तासांवरच्या गावी जाणार होती. चष्म्याच्या काचा घासण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि तिकडच्या मोठ्या कारखान्याने तिला बोलावून घेतलं होतं. राहणारही तिकडेच. म्हणजे ताईच्या पदरात उरली होती ही एकच दुपार. तिने ठरवलं होतं, आज बोलायचं. सकाळपासून आंघोळ करताना, कणीक मळताना वाक्य जुळवून झालं होतं. आणि ऐन वेळी पर्स काखोटीला मारून आई मागच्या सीटवर येऊन बसली.

"मला काय घरात भिंती मोजायला ठेवताय? मलाही आणा जरा फिरवून."

झालं! वाक्य गेलं परत पोटात.

बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर पुढे एक रंगारी सायकलवरून चालला होता. हँडलला दोन्हीकडे रंगाचे डबे, खांद्यावर छोटी शिडी. निवांत, जणू सासरी निघालाय.

"वाजव की हॉर्न!" आई मागून म्हणाली. "रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?"

"आपल्याही बापाचा नाही, आई," धाकटी म्हणाली.

"तुमच्या बापाला सायकलसुद्धा धड येत नव्हती, त्यांचं नाव काढू नका."

धाकटी खुदकन हसली. ताईही हसणार होती, पण शिकवण्याचा सूर आधी निघाला. "हॉर्न नको. तो दचकेल, दचकला की डुगडुगेल, आणि डुगडुगला की नेमका आपल्या अंगावर येईल. मागे राहा. समोरचा रस्ता मोकळा झाला की बाजूने जा. लांबून. किती लांबून, तर आपलं अख्खं दार उघडलं तरी त्याला..."

ती थांबली. दार हा शब्द या दोघींमध्ये कोणी उच्चारायचा नाही असं काही ठरलेलं नव्हतं, पण उच्चारत कोणी नसे.

"कळलं," धाकटी म्हणाली. "लांबून." मागून येणाऱ्या टेम्पोला आधी जाऊ दिलं, आणि मग मोठा वळसा घेऊन तिने रंगाऱ्याला मागे टाकलं. इतकं सुरेख की ताईच्या पायाला काही कामच उरलं नाही. रंगाऱ्याने एक बोट उचलून आभार मानले.

असंच बोट पूर्वी या गाडीच्या काचेवर वाजायचं. धाकटी तेव्हा सायकलवरून कामाला जायची. सिग्नलला ताईची गाडी दिसली की शेजारी येऊन थांबायची, काचेवर टकटक करायची आणि घामाघूम झालेल्या शिकणाऱ्याला सांगायची, "ब्रेकबाईंना घाबरू नका हो, घरी त्यांना आईची बोलणी बसतात." मग "येते गं तायडे" म्हणत दिवा हिरवा व्हायच्या आत गाड्यांच्या फटीतून पसार. ताई चिडायची. केवढी चिडायची! आता सिग्नलला थांबलं की तिचा डावा कान आपोआप त्या टकटकीची वाट बघायचा. आज तीच बहीण वीतभर अंतरावर बसली होती आणि तिला नुसतं ताई म्हणत होती. अहो-जाहो केलं असतं तरी ताईला इतकं लागलं नसतं.

झालं होतं ते असं. ताईला एक खोड होती. शिकणाऱ्याने गाडी लावली रे लावली की हँडब्रेक ओढायच्या आत ही आपलं दार उघडून खाली वाकणार, चाक फुटपाथपासून किती लांब राहिलं ते बघायला. त्या सकाळी एक शिंपी शिकत होता. त्याने गाडी फुटपाथपासून चांगली दोन हात लांब उभी केली. ताईचं डोकं त्या दोन हातांतच अडकलं. तिने खटकन दार उघडलं. त्याच दोन हातांच्या फटीतून, टकटक करायला, धाकटी येत होती.

गुडघ्याची वाटी फुटली. माणसं जमली. कोण, काय, कसं, असं सगळे विचारत होते, आणि फुटपाथवर बसलेल्या, ओठ पांढरे पडलेल्या धाकटीने वर ताईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "मी घसरले." बस. ड्रायव्हिंग शिकवणारी बाई दार न बघता उघडते हे गावाला कळलं तर स्कूलला कुलूप लागेल, हे तिला त्या दुखण्यातही सुचलं होतं. ताईने तोंड उघडायला हवं होतं. तिने मूग गिळले. आज सांगू, उद्या सांगू, पायाचं प्लास्टर निघालं की सांगू. प्लास्टर निघालं. गुडघा पुरता वाकत नव्हता, सायकल गेली. शिंप्याला वाटलं, आपण गाडी लांब लावली म्हणूनच हे घडलं. तो पुन्हा शिकायला फिरकला नाही. अजून पायीच हिंडतो. ताई दिसली की रस्ता ओलांडतो.

आणि आई? आईने "घसरले" हा शब्द असा पकडला की ज्याचं नाव ते. मीठ कमी पडलं तरी विषय तिथेच यायचा. "वारा प्यायल्यासारखी सायकल हाणायचीस, मग घसरणार नाहीस तर काय!" धाकटी खाली मान घालून जेवायची. ताई तिच्या पानात आणखी भात वाढायची. तीन वर्षांत धाकटीचं चार किलो वजन वाढलं ते असं.

पुढे रस्ता ओलांडायचे पट्टे आले. एक म्हातारे गृहस्थ हातात पिशवी घेऊन निघाले आणि बरोबर मध्यावर त्यांच्या चपलेने दगा दिला. ते तिथेच वाकून अंगठा बसवू लागले. धाकटीने गाडी पट्ट्यांच्या बरीच अलीकडे थांबवली, न्यूट्रलला टाकली. मागून कोणीतरी भोंगा वाजवला.

"थोडी पुढे घे," आई म्हणाली. "म्हणजे उरकेल त्यांचं."

"नको. गाडी गुरगुरत पुढे आली की पाय आणखीच अडखळतो." धाकटी समोरच बघत होती. "मला माहितीये ना. मी ओलांडताना लोकांना वाटतं, ही मुद्दाम सावकाश चालतेय."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. चष्म्याचा नंबर सांगावा तसं तिने सांगितलं. ताईला वाटलं, ओरडली असती तर बरं. एकदा तरी भांडली असती, ताट आपटलं असतं. भांडण झालं की मागाहून समेट तरी होतो. या चांगुलपणाचं करायचं काय?

म्हाताऱ्यांनी चप्पल बसवली, गाडीकडे बघून मान डोलावली आणि पलीकडे गेले. धाकटीने त्यांचा दुसरा पाय फुटपाथवर पडल्यावरच गिअर टाकला.

घराशी आल्यावर तिने गाडी लावली. फुटपाथला लागून, सरळ, एका दमात. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. ताई हललीसुद्धा नाही. हल्ली ती चाक बघायला उतरतच नसे. धाकटीने आरशात पाहिलं. मग डावा हात समोरून नेऊन आपल्या उजवीकडच्या दाराची कडी धरली. लांबचा हात वापरला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. हे ताई तीन वर्षं प्रत्येकाकडून घोटून घेत होती. हे आधी का शिकवत नव्हतात, असं कोणी विचारलं नव्हतं. धाकटीनेही नाही.

ती तशीच वळून थांबली. मागून शाळेचं दप्तर पाठीला लावलेली एक मुलगी सायकलवर येत होती, पायडलवर उभी राहून, तोंडाने काहीतरी गुणगुणत. ती दाराजवळून सुळकन निघून गेली. तिला कळलंही नाही की कोणी आपल्यासाठी थांबलं होतं. धाकटी तिच्या मागे बघत राहिली, ती कोपऱ्यावर वळेपर्यंत. कडीवरचा हात तसाच. त्या बघण्यात काय होतं ते ताईला चांगलं ठाऊक होतं. तिलाही काचेवरची ती टकटक आठवत होती.

मागून आईचा सुस्कारा आला. "आता केवढं बघतेस गं! तेव्हा सायकलवर असताना याच्या निम्मं बघितलं असतंस, तर आज पाय असा झाला नसता."

"हो गं आई," धाकटी म्हणाली. "घसरलेच मी. माझीच चूक." तिने कडी उघडली.

"थांब," ताई म्हणाली. ती सीटवर पूर्ण मागे वळली, आईच्या तोंडाकडे बघत. "आई, ती घसरली नव्हती. दार मी उघडलं. मागे न बघता. तिचा पाय माझ्यामुळे गेला."