लांबी एकोणतीस

साहेब, शालिकरामचा सदरा न उतरवताच तुम्ही त्याच्या पाठीवर निकाल दिला. गिरणीच्या चौकशीला टेबलामागे तुम्ही तिघं, डोक्यावर पंखा, समोर पन्नाशीतला गिरणी कामगार. 'पाठ दाखव' असं एकानंही म्हटलं नाही. 'जन्मजात व्यंग, नोकरीला लागताना लपवलं' एवढं लिहून मोकळे झालात.

मी रुपराव. इंदोरा वस्तीत शिवणकाम करतो. शाळा चौथीपर्यंत. पण त्या पाठीवर सोळा वर्षं टेप धरला आहे मी. दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला शालिकराम माझ्याकडून पांढरा सदरा शिवून घ्यायचा. पहिला शिवला त्रेसष्ट साली, तो गिरणीत लागला त्या वर्षी. पाठ कशी, तर पाट.

पंच्याहत्तर साली सदरा डावीकडून लोंबायला लागला. मला वाटलं, माझीच कात्री चुकली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नीट मापलं तर डावा खांदा दीड इंच खाली. त्याला न सांगता डाव्या खांद्यात आतून कापडाची घडी घातली, उरलेला फरक डावीकडच्या काठात कापला. तो घालून आरशासमोर उभा राहिला.

"तुह्या सदऱ्यात मी सरळ दिसतो गा," म्हणाला.

"सरळच हायेस."

"बायको म्हणते, वाकडा चालून राहिला. तिले दाखवतो आता."

तो खूश, मी खूश. वहीत लिहिलं, लांबी एकोणतीस. डावी-उजवी वेगळी लिहायची आमच्यात रीत नाही. आणि लिहून त्याला कशाला दाखवू?

पुढे त्याला गिरणीत साच्याच्या यंत्रासमोर आठ तास उभं राहणं जमेना. अर्ध्या पाळीतच डावा पाय बधिर व्हायचा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्सरे खिडकीशी धरून आम्हा दोघांना दाखवला.

"लहानपणची वाकडी पाठ वेगळी दिसते," त्या म्हणाल्या. "ही बहुतेक मोठेपणी वाकली. वयानं मणक्यांमधल्या गाद्या झिजतात. एका बाजूनं जास्त झिजल्या की मणके तिकडे कलतात, थोडे फिरतातही. मग पायाकडची नस दबते."

"सरळ होईल का जी?"

"नाही होणार. पण बसून काम मिळालं तर दुखणं सोसण्यासारखं राहील."

शालिकरामनं तेवढंच मागितलं, साहेब. बसून काम. आणि तुम्ही त्याची नोकरीच काढून घ्यायला बसलात.

बाईंची चिठ्ठी तुम्ही वाचलीत. 'मोठेपणी आलेला बाक असावा.' त्या 'असावा'वर बोट ठेवून हसलात. मग मी वही पुढे केली. आदल्या दिवशी मीच त्याला म्हटलं होतं, "भेऊ नको गा, माह्यापाशी सोळा वर्षांचा पुरावा हाये." तुम्ही पानं उलटलीत. त्रेसष्ट, लांबी एकोणतीस. सत्तर, एकोणतीस. अठ्ठ्याहत्तर, एकोणतीस.

"सगळं सारखंच आहे की. मोठेपणी वाकला, तर वहीत कुठे दिसतो?"

"साहेब, तो फरक मी कापडात लपवला. वहीत नाही लिहिला."

"म्हणजे लपवलं, हे खरं."

शालिकराम खाली बघत होता. अंगात माझाच सदरा. खांदे अगदी सरळ. मी म्हटलं, "काढ तो सदरा, दाखव त्याईले." त्यानं वरचं बटण काढलं. तुम्ही म्हणालात, गरज नाही, पुढचा कोण?

त्यानं बटण परत लावलं.

आता तो घरीच असतो. भिंतीला टेकून बसतो, तेही तिरपा. दसरा आला तेव्हा मी टेप घेऊन गेलो.

"काहून आला?" म्हणाला. "आता कोणाले सरळ दिसाचं हाये?"

माप न घेताच परतलो.

माझी चूक मी इथे लिहून दिली. वाकडं दिसत होतं, तेव्हा मी सरळ लिहिलं. आता तुमची सांगा. त्रेसष्ट साली तुमच्याच गिरणीच्या डॉक्टरानं याला उघडा उभा केला, छाती मोजली, पाठीवर हात फिरवला आणि 'धडधाकट' लिहून सही केली. तो कागद तुमच्याच कपाटात आहे. पाठ जन्मापासून वाकडी होती, तर तुमच्या माणसानं त्या दिवशी काय पाहिलं? साध्या पोस्टकार्डावर लिहा, चालेल. पण जबाब द्या.