आईची लाइन एंगेज

टेलिफोन कंपनीच्या बिल खिडकीवर बसायचं म्हणजे दिवसभर एकाच प्रश्नाला तोंड द्यायचं. बिलाच्या तळाशी ‘ग्रामीण सेवा आकार’ अशी एक ओळ असते. रक्कम किरकोळ, पण ती दिसली की माणसांच्या अंगाची लाही होते. “आम्ही बोललो त्याचे पैसे घ्या ना. डोंगरातल्या लोकांसाठी तारा आम्ही का ओढायच्या?” शेजारच्या खिडकीतली मुलगी “वरून नियम आहे” म्हणून हात झटकते. मी मात्र मान वर करून सांगायची, “साहेब, डोंगरात कुणाची तरी आई एकटी राहते. तिला मुलीशी बोलता यावं म्हणून.” समोरचा ओशाळायचा आणि गुपचूप पैसे काढायचा. ती आई माझीच आहे, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

दरीच्या काठावरच्या त्या वस्तीत मोजक्या घरांसाठी तार न्यायची म्हणजे कंपनीला आतबट्ट्याचा धंदा. या आकाराचा निधी नसता तर ती कधीच गेली नसती. फोन बसला आणि आईने पहिला फोन मला केला. त्यानंतरचे काही दिवस मी हवेतच होते. ग्राहक शिव्या देत होते आणि मी हसत होते.

मग लाइन एंगेज लागायला लागली. सकाळी लावा, एंगेज. जेवणाच्या सुट्टीत लावा, एंगेज. चुकून कधी लागलाच तर आईची आपली घाई: “बरी आहे मी. तू जेवलीस ना? ठेवू का मग?” ठेवू का! लेकीने नंबर फिरवून फिरवून बोट झिजवायचं आणि आईने विचारायचं, ठेवू का!

मला कळायचं ते कळलं. धाकटी. माझी ही बहीण आईच्या मांडीवर जी बसली, ती लग्न झाल्यावरच उतरली. आता दुसऱ्या शहरात घरी बसून असते, वेळच वेळ. म्हणजे मी खिडकीत बसून लोकांची बोलणी खायची, त्यातून डोंगरात तार जायची, आणि त्या तारेवर गप्पा कोण हाणणार, तर ही! माझा नुसता जळफळाट झाला. भाजी चिरताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायची आणि नवरा म्हणायचा, “जरा हळू, पाट कापशील.” लाइनच बिघडली असेल, असंही तोच म्हणाला. म्हणून दुरुस्ती विभागातल्या इंजिनिअरला गाठलं. त्याने तपासलं आणि सांगितलं, “लाइन ठणठणीत आहे. बोलणं चालू आहे.”

“कुणाशी?”

“ते सांगता येत नाही, बाई. तुम्हालाही माहीत आहे.”

माहीत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

सुट्टीच्या दिवशी मी ठरवलं, हिला रंगेहाथ पकडायचं. आईला फोन लावला, एंगेज. लगेच धाकटीला लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

“ठेवलास वाटतं आईचा?” मी म्हणाले.

“मी?” ती उसळलीच. “मला लाइन मिळते कुठे? सारखी तूच चिकटून बसलेली असतेस! कंपनीतली ना तू, तुला काय, फुकट असेल!”

आम्ही आधी पोटभर भांडून घेतलं. लहानपणचा निळा फ्रॉकसुद्धा निघाला. मग दोघींच्याही एकदमच डोक्यात प्रकाश पडला.

“ताई,” ती म्हणाली, “मग आत्ता कोण बोलतंय?”

पुढच्या सुट्टीत मी वर गेले. बसमधून उतरून चढण चढताना दम लागला, पण पाय रागाने चालत होते. दार उघडंच होतं. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती, आणि रिसीव्हर शेजारी आडवा पडला होता. नीट ठेवलाच नव्हता! मला हसू फुटलं. एवढंच होतं तर. मी तो उचलून जागेवर ठेवणार, तोच आई ओरडली, “अगं, ठेवू नकोस! ती आहे.”

रिसीव्हरमधून शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती.

ती म्हणजे पलीकडची. दरीच्या पलीकडच्या वस्तीत कपडे शिवणारी बाई, माझ्या जन्माआधीपासूनची आईची मैत्रीण. गुडघे गेले आणि दोघींचं दरी उतरणं बंद झालं. समोरासमोर घरं, पण भेट म्हणून नाही. तिलाही याच निधीतून फोन मिळाला. दरीतल्या दरीत बोलायला पैसे पडत नाहीत. सकाळी लावायचा, निजताना ठेवायचा. बोलणं असं फार नाही. एक सोलते, एक शिवते.

धाकटीशी स्पर्धा मला जमली असती. ती रक्ताची तरी आहे, आणि तिच्या खोड्या मला पाठ आहेत. या बाईचं मी काय करणार होते?

“मला तुझ्याशी बोलायचंय,” मी म्हणाले.

“मग बोल की. समोर तर बसलीयस.”

आईने शेंगा बाजूला सारल्या आणि खरोखरच माझ्याकडे बघत बसली. मी मुलांचं सांगितलं, ऑफिसचं सांगितलं, नवऱ्याच्या पोटाचं सांगितलं. ती “बरं, बरं” म्हणाली. मी तब्येत विचारली. बरी आहे, म्हणाली. इतके दिवस तुंबलेलं सगळं बोलणं चहा गार व्हायच्या आत संपलं. आईची नजर हळूच फोनकडे गेली.

मी उठले. रिसीव्हर उचलला तो आपटायच्याच इराद्याने. सवयीने आधी कानाला लावला. मशीन थांबलं होतं. दबक्या आवाजात कुणीतरी विचारलं, “गेली का गं ती?”

आई शेंग हातात धरून माझ्याकडे बघत होती.  मी ठेवला असता तरी ती काही म्हणाली नसती.

“अजून आहे, मावशी,” मी म्हणाले आणि रिसीव्हर आईपुढे धरला. “तू बोल तिच्याशी.”

आईने रिसीव्हर घेतला आणि थोडी पाठमोरी झाली. “अगं, थोरली आलीय,” ती हळूच सांगायला लागली. “वाळलीय गं फार. डोळ्यांखाली काळं आलंय. सगळ्यांचं सांगितलं, स्वतःचं काही बोलली नाही. विचारायचं होतं, पण विचारलं की चिडते ती. रात्री झोप लागत नसेल का गं तिला?”

मी मटारची टोपली पुढे ओढली. आई तिला माझ्याबद्दल सांगत होती, आणि मी एकेक शेंग सोलत, आवाज न करता, ऐकत बसले.