चौपन्न नवे सभासद

नागपूरऐवजी भोपाळ राजधानी होऊन वर्ष झालं होतं. रविवारची उपासना संपल्यावर पाळक अच्युत रणदिवे यांनी मिशनच्या बोर्डाचं पत्र मोठ्यानं वाचलं. वर्षभरात आमच्या मंडळीत चौपन्न नवे सभासद आले. एवढी वाढ कुठंच नाही, म्हणून बोर्डानं आम्हांला चर्च मंजूर केलं होतं. तोवर आम्ही सरकारी क्वार्टरच्या व्हरांड्यात बसत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोर्डाला पाठवलेला सभासदांचा तक्ता मी भरला होता, मीही वाजवल्या.

मागचं पान मात्र पाळकसाहेबांनी मनात वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

'नागपूरची मंडळी चौपन्न माणसांनी घटली. सेवेत यश दिसत नाही. उपदेशक शांताराम पवार यांना मार्चअखेर कामावरून कमी करण्यात येत आहे.'

ती चौपन्न माणसं आम्हीच होतो. सचिवालयाच्या फायलींबरोबर नागपूरहून बदलून आलेले कारकून, त्यांच्या बायका, मुलं. छापील तक्त्यात बदलीचा रकाना नव्हता, म्हणून मी सगळ्यांना 'नवे' लिहिलं. माझ्या रविवारच्या वर्गातल्या मुलांना पहिली प्रार्थना शांतारामांनीच शिकवली होती.

मी पान वाचून दाखवलं.

"नंबर बदलला की जुनी फाईल नवी होते, तसं केलंत मास्तर," गोपीनाथ म्हणाला. तो सचिवालयात कारकून होता.

"तुम्हांलाही धरलंय त्यात," त्याची बायको शशिकला त्याला म्हणाली. "उपासनेत झोपणारा माणूस वाढीत कसा आला, देव जाणे."

मी वहीतून तक्त्याची नक्कल काढली.

"खरे नवे किती?" मी विचारलं.

"एक. तक्ता गेल्यावर जन्मलेलं यांचं बाळ," पाळकसाहेब शशिकलेकडे बघत म्हणाले.

"खरं कळवलं तर चर्च जाईल, साहेब," मी म्हणालो.

"चर्च जाईलच. आणि ज्या मापानं ते शांतारामांना काढतायत, त्याच मापानं उद्या मलाही काढतील."

माझ्या वर्गातली सिंधू मध्येच म्हणाली, "मग शांताराममामांना सांगा ना, आम्ही हरवलो नाही. फक्त गाव बदललं."

पाळकसाहेबांनी कोरा कागद मागितला.

"बोर्डाला हिचंच वाक्य आधी लिहा, मास्तर," ते म्हणाले. "त्याखाली, नवे सभासद: एक. सही मी करतो."

मी तसंच लिहिलं. त्यांनी सही केली आणि कागद बोर्डाच्याच पाकिटात घातला.